दर दहा मिनिटांनी आपोआप कमिट आणि पुश : मालवणी शब्दसंग्रहासाठी नीट कसं बसवावं?

वायंगण (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी प्रोग्रॅमर नाही. कुडाळजवळ माहेर, राहते ठाण्यात. गेली दोन वर्षं आईच्या आणि गावातल्या म्हाताऱ्या बायकांच्या तोंडचे मालवणी शब्द गोळा करतेय. व्हाळ, मांगर, खळां, चेडू असे ओळखीचे शब्द तर आहेतच, पण आईने परवा भात मळताना वापरलेला एक शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. तो विचारला तर म्हणाली, "ह्या कोण इचारता?" असे शब्द माझ्यासाठी मोलाचे आहेत.

सगळं साध्या मजकुराच्या टॅबवाल्या फाइलींत आहे. शब्द, अर्थ, वाक्य, कोणी सांगितला, कुठल्या वाडीत. अशा एकवीस फाइली, विषयवार.

मे महिन्यात लॅपटॉपची डिस्क गेली. दुरुस्तीवाल्याने उघडून बघितली आणि मान हलवली. पेनड्राइव्हवरची प्रत अकरा दिवस जुनी होती. त्या अकरा दिवसांत शेजारच्या वाडीतल्या एका काकूंकडे बसून मी दीडेकशे शब्द लिहिले होते. त्या काकू आता नाहीत. याहून जास्त त्याबद्दल लिहवत नाही.

भाच्याने जुन्या लॅपटॉपवर उबुंटू टाकून दिलं आणि गिट (फाइलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) शिकवलं. मी इतकं केलंय: एक छोटी स्क्रिप्ट, तिच्यात 'गिट ॲड' सगळ्यासाठी, मग 'गिट कमिट' (त्या क्षणाच्या फाइलींची नोंद) आणि निरोप म्हणून 'ऑटो', मग 'गिट पुश' (ती नोंद नेटवरच्या प्रतीत पाठवणं). ती क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणारी सोय) दर दहा मिनिटांनी. तीन आठवडे झाले. आता अडचणी:

हाताने चालवली की स्क्रिप्ट चालते, क्रॉनमधून कमिट होतं पण पुश होत नाही. हे मला सहा दिवसांनी कळलं, तेव्हापासून रोज रात्री हाताने पुश करते. वाचनालयातल्या मशीनवरही मी काम करते, तिथून पुश केलं की 'नाकारलं' म्हणतं. इतिहासात ४१२ कमिट झाले आहेत आणि सगळ्यांचं नाव 'ऑटो'. 'वायंगण'चा अर्थ मी आधी 'उन्हाळी भात' एवढाच लिहिला होता, आईने तो दुरुस्त केला. तिने नेमकं काय आणि कधी सांगितलं ते शोधायला गेले तर ४१२ 'ऑटो'मध्ये काहीच सापडेना. आणि 'गिट स्टेटस' केलं की माझ्या फाइलींची नावं ३४०, २४४, २४६ अशा आकड्यांच्या रांगेत दिसतात, देवनागरी दिसतच नाही. फाइल खराब झाली की काय, याची धडकी भरते.

मला दोन गोष्टी हव्यात. दहा मिनिटांपेक्षा जास्त काम कधीही जाऊ नये, आणि कुठला शब्द का बदलला ते वाचता यावं. हे दोन्ही एकत्र होतं का?

रात्रपाळी

ताई, काकूंबद्दल वाचून वाईट वाटलं. मी सर्व्हर सांभाळायचं काम करतो, बारा वर्षं झाली. तुमचं काम अगदी होण्यासारखं आहे, फक्त एक गाठ सोडवावी लागेल. ती शेवटी सांगतो, आधी किरकोळ.

नावांची धडकी काढून टाका. फाइली शाबूत आहेत. गिट इंग्रजीबाहेरच्या अक्षरांचे बाइट अष्टमान आकड्यांत दाखवतं. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइटचं असतं आणि पहिला बाइट नेहमी ३४० येतो, म्हणून तो आकडा तुम्हाला जिथेतिथे दिसतोय. २४४ आणि २४६ म्हणजे पुढचे दोन, तिन्ही मिळून 'द'. 'गिट कॉन्फिग'मध्ये 'कोअर डॉट कोटपाथ' ही सेटिंग 'फॉल्स' करा, 'ग्लोबल' लावून. लगेच नावं मराठीत दिसतील.

क्रॉनमधून पुश का होत नाही: तुमच्या एसएसएच किल्लीला (पुश करताना ओळख पटवणारी फाइल) पासफ्रेज असणार. लॉगिन केल्यावर ती एकदा विचारली जाते आणि एजंट नावाचा प्रोग्रॅम ती धरून ठेवतो. क्रॉनला त्या एजंटचा पत्ताच माहीत नसतो, तो अगदी रिकाम्या वातावरणात उठतो. पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवायचा विचार डोक्यात आणू नका. गिटहबने (गिटच्या प्रती नेटवर ठेवणारी सेवा) तर १३ ऑगस्ट २०२१ पासून पुशसाठी खात्याचा पासवर्ड घेणंच बंद केलंय. त्यापेक्षा या एकाच रिपॉझिटरीसाठी (फाइली आणि त्यांचा इतिहास यांचा साठा) 'डिप्लॉय की' करा. ती पासफ्रेजशिवाय ठेवावी लागते, पण चोरीला गेली तरी फक्त हीच रिपॉझिटरी उघडते, बाकी खातं नाही. जोडताना लिहिण्याची परवानगी वेगळी द्यावी लागते, ती खूण विसरू नका. नाहीतर ती फक्त वाचायची किल्ली होते. घरच्या मशीनची एक, वाचनालयाची दुसरी. वाचनालयातली कधी काढायची झाली तर घरचीला धक्का लागत नाही.

आता गाठ. तुम्ही एका कमिटकडून दोन कामं करून घेताय. एक राखण, दुसरी नोंद. राखण यंत्राने करावी. नोंद तुम्हीच करायची, कारण 'आईने अर्थ दुरुस्त केला' हे क्रॉनला कुठून कळणार? म्हणून राखणीचे कमिट मुख्य शाखेवर (शाखा म्हणजे कमिटांची एक वेगळी रांग) येऊच द्यायचे नाहीत.

गिटमध्ये 'स्टॅश क्रिएट' नावाची एक कमी वापरली जाणारी आज्ञा आहे. ती तुमच्या आत्ताच्या फाइलींचं एक कमिट बनवते आणि त्याचा क्रमांक छापते, पण तुमची शाखा हलवत नाही, फाइलींना हात लावत नाही, स्टॅशच्या यादीतही काही घालत नाही. बदल नसेल तर काहीच छापत नाही. तर स्क्रिप्ट अशी: फोल्डरमध्ये जा. 'गिट ॲड' सगळ्यासाठी करा, कारण नवी फाइल ॲड केलेली नसेल तर 'स्टॅश क्रिएट' ती घेत नाही. मग 'स्टॅश क्रिएट', क्रमांक एका व्हेरिएबलमध्ये. रिकामा नसेल तर तो क्रमांक दूरच्या रिपॉझिटरीतल्या 'राखण-घर' या शाखेवर फोर्स लावून पुश करा. शेवटी मुख्य शाखेचा साधा पुश. नवं काही नसेल तर तो मुकाट परत येतो. शाखेचं नाव रोमनमध्ये ठेवा, टाइप करायला बरं.

वाचनालयातल्या मशीनवर हीच स्क्रिप्ट, शाखा 'राखण-वाचनालय'. दोन मशीनची राखण एकमेकींवर कधीच आदळणार नाही.

फोर्सने घाबरू नका, तो फक्त राखणीच्या शाखेवर आहे. तिथे कमिट न केलेल्या कामाची शेवटची स्थिती असते, कमिट केलेलं मुख्य शाखेवर असतं. उद्या लॅपटॉप बुडाला तर दुसऱ्या मशीनवर 'फेच' करायचं, म्हणजे वरचं खाली आणायचं, आणि 'राखण-घर'मधल्या फाइली 'चेकआउट' करून घ्यायच्या. जास्तीत जास्त दहा मिनिटं जातील.

आणि संध्याकाळी उठताना स्वतः एक कमिट, स्वतःच्या शब्दांत. मराठीतच लिहा. 'वायंगण : आईने अर्थ दुरुस्त केला, व्हाळाच्या पाण्यावर घेतात ते भात.' एक वर्षाने हीच ओळ तुम्ही शोधाल.

मोडीवाचक

वरचं सगळं बरोबर. मी जुन्या मोडी कागदांचं लिप्यंतर करतो, माझ्यावर जे गुदरलं ते सांगतो म्हणजे तुमच्यावर नको.

माझीही स्क्रिप्ट तुमच्यासारखीच होती, मुख्य शाखेवर दर पंधरा मिनिटांनी. एक दिवस त्याच फोल्डरमध्ये एका बखरीचं स्कॅन ठेवलं, १३० एमबीचं. स्क्रिप्टने ते इमाने इतबारे कमिट केलं. गिटहबवर १०० एमबीपेक्षा मोठी फाइल चालत नाही, पुश परत आला. मी नंतर ती फाइल फोल्डरमधून काढलीही. पण ती इतिहासातल्या त्या कमिटमध्ये बसली होती ना! त्यामुळे पुढचा प्रत्येक पुश परत. सोळा दिवस. मी रोज निर्धास्त टाइप करत होतो आणि वर काहीही जात नव्हतं. दुसऱ्या कामासाठी रिपॉझिटरीचं पान उघडलं तेव्हा शेवटची तारीख बघून हातपाय गार पडले. माझं काही गेलं नाही, पण त्या सोळा दिवसांत डिस्क गेली असती तर?

तेव्हापासून माझ्या स्क्रिप्टमध्ये पुश फसला की पडद्यावर निरोप येतो, 'नोटिफाय-सेंड'ने. क्रॉनमधून तो दाखवायला थोडी खटपट करावी लागते, पण करा. क्रॉनऐवजी सिस्टमडीचा टायमर तुमच्या वापरकर्त्याखाली लावलात तर ही खटपटही वाचते. शिवाय प्रत्येक यशस्वी पुशनंतर एका फाइलीत वेळ लिहिली जाते आणि टर्मिनल उघडलं की पहिली ओळ तीच दिसते: 'शेवटची राखण, १० वाजून ४० मिनिटं'. जी यंत्रणा फसल्यावर गप्प बसते तिच्यापेक्षा पेनड्राइव्ह बरा, तो निदान विसरल्याचं आपल्याला ठाऊक असतं.

आईचा आवाज रेकॉर्ड करता का? करत असाल तर त्या फाइली गिटमध्ये नकोत. 'गिटइग्नोर'मध्ये (गिटने सोडून द्यायच्या फाइलींची यादी) आजच लिहा आणि आवाजाची वेगळी प्रत दोन डिस्कवर ठेवा. त्याच यादीत लिब्रेऑफिसच्या कुलूप-फाइली टाका, त्यांचं नाव टिंब आणि नागमोडी रेघेने सुरू होतं, पुढे 'लॉक'. कॅल्कमध्ये फाइल उघडी असताना स्क्रिप्ट चालली की त्या हमखास आत जातात. आधीच आत गेलेल्या फाइलीला 'गिटइग्नोर' लागू होत नाही, ती 'गिट आरएम'ने 'कॅश्ड' लावून आधी यादीतून काढावी लागते.

आता खास आपल्या लिपीचं. तुमच्या एकवीस फाइलींत 'शेतकऱ्याची अवजारं' असं काही नाव आहे का? त्यातला अर्धा र, जो डोळ्याच्या पापणीसारखा दिसतो, तो दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, नुक्तावाला ऱ, हलंत आणि य. दोन, साधा र, हलंत, झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं जोडचिन्ह आणि मग य. डोळ्याला दोन्ही हुबेहूब सारखे. गिटला ते दोन वेगळे शब्द. घरचा कीबोर्ड एक तऱ्हा देत असेल आणि वाचनालयातला दुसरी, तर एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी दिसतील आणि निम्मे शब्द एकीत, निम्मे दुसरीत. माझ्या 'कऱ्हाड'च्या दोन फाइली अशाच झाल्या होत्या, तीन महिने. फाइलींची नावं रोमनमध्ये ठेवा. आतल्या मजकुरात मात्र दोन्ही तऱ्हा शोधून एकच करून घ्या, नाहीतर शब्द शोधताना 'सापडला नाही' येईल आणि तो तिथेच असेल.

वायंगण

मोडीवाचक, तुमचा निरोप वाचून फोल्डर उघडलं. 'शेतकऱ्याची अवजारं' खरोखर दोन आहेत! एकीत ३८ शब्द, दुसरीत ११. मला वाटत होतं की मी ते अकरा लिहिलेच नाहीत, आणि मी आईला परत विचारत बसले होते. तिला वाटलं मला विसर पडतोय.

रात्रपाळी, डिप्लॉय की जोडली, क्रॉनमधून पुश गेला. 'स्टॅश क्रिएट'ची स्क्रिप्ट भाचा रविवारी येऊन बघेल, पण मी आजच लिहून बघते.

एक विचारायचं राहिलं. दहा मिनिटं कशाला, फाइल सेव्ह केली की लगेच पुश असं होतं का? आमच्या गावी जून-जुलैत वीज कधी जाईल नेम नाही आणि या लॅपटॉपची बॅटरी संपल्यात जमा आहे.

ठेव

मध्येच बोलते, माफ करा. 'कोणी सांगितला, कुठल्या वाडीत' हे वाचून थांबले. तुमच्या फोल्डरमध्ये सांगणाऱ्या बायकांची यादी आहे का? फोन नंबर, पत्ते? असेल तर 'सगळं ॲड करा' म्हणणाऱ्या स्क्रिप्टने ते पहिल्याच दिवशी वर पाठवलं आहे. रिपॉझिटरी सार्वजनिक आहे की खाजगी, ते आधी, आत्ता, याच क्षणी बघा.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि आपोआप कमिटचं मला सगळ्यात जास्त भय याचंच वाटतं. फाइल नंतर पुसून उपयोग नसतो, जुन्या कमिटमध्ये ती जशीच्या तशी असते. कंपन्यांत पासवर्ड असे बाहेर जातात, पण पासवर्ड निदान बदलता येतो. त्या बायकांनी विश्वासाने नंबर दिला, तो तुम्ही त्यांच्यासाठी बदलू शकत नाही.

इतिहासातून काढायचं साधन आहे, 'गिट फिल्टर-रेपो'. ते चाललं की 'ओरिजिन'चा, म्हणजे वरच्या रिपॉझिटरीचा, पत्ता मुद्दाम काढून टाकतं, तो परत जोडावा लागतो, गोंधळू नका. पण वर गेलेले जुने कमिट क्रमांक ठाऊक असला तर काही काळ उघडू शकतात. तुम्ही एकट्याच वापरत असाल तर सरळ वरची रिपॉझिटरी पुसा आणि नवी करा. आणि ती यादी फोल्डरच्या बाहेर ठेवा. फक्त 'गिटइग्नोर'वर विसंबू नका, नाव बदललं की ती निसटते.

रात्रपाळी

ठेव यांचं आधी करा, बाकी सगळं नंतर.

सेव्हबरोबर पुश होतं. लिनक्सच्या कर्नलमध्ये २००५ पासून आयनोटिफाय आहे, फाइल बदलली की ते कळवतं, आणि त्यावर बेतलेली 'गिटवॉच' ही तयार स्क्रिप्ट मिळते. पण ती साधं कमिट करते, म्हणजे तुमचे 'ऑटो' परत सुरू. शिवाय बरेच संपादक सेव्ह करताना आधी तात्पुरती फाइल लिहितात आणि मग तिचं नाव बदलतात, म्हणजे एका सेव्हला तीन-चार घटना. तुमच्या कामाला दहाऐवजी दोन मिनिटांचं क्रॉन पुरे. स्क्रिप्ट 'एफलॉक'मधून चालवा, म्हणजे नेट संथ असताना आधीचा पुश संपायच्या आत दुसरी फेरी सुरू होणार नाही.

विजेबद्दल तुम्ही विचारलंत ते बरं केलं. गिट लिहीत असतानाच मशीन बंद पडलं तर कधीकधी 'ऑब्जेक्ट फाइल रिकामी आहे' अशी तक्रार येते. गिट २.३६ पासून 'कोअर डॉट एफसिंक' ही सेटिंग आहे, ती 'ऑल' करा. लिहिलेलं खरोखर डिस्कवर उतरेपर्यंत गिट थांबतं. तरीही तसं झालं तर घाबरून काही पुसू नका. आख्ख्या फोल्डरची प्रत बाजूला ठेवा, रिपॉझिटरी नव्याने क्लोन करा आणि तुमच्या शब्दांच्या फाइली त्यात टाका. त्या साध्या मजकुराच्या आहेत, गिट बिघडलं तरी त्या वाचता येतात.

वायंगण

नऊ दिवसांनी लिहितेय.

रिपॉझिटरी खाजगी होती. पण 'बोलणाऱ्या' नावाची फाइल त्यात होती, चौदा बायका, नंबर, घराच्या खुणा. पहिल्याच 'ऑटो'त गेली होती. ठेव, तुम्ही लिहिलं नसतं तर पुढच्या महिन्यात मी रिपॉझिटरी सगळ्यांसाठी खुली करणार होते. तुमचे आभार कसे मानू कळत नाही. वरची रिपॉझिटरी पुसली, नवी केली, इतिहास कोरा सुरू केला. ४१२ 'ऑटो' गेले, त्यांचं काही वाटलं नाही. त्या चौदा जणींची यादी आता एका वहीत आहे, आणि शब्दांच्या फाइलीत 'स. १' ते 'स. १४'.

राखण दोन मिनिटांवर चालू आहे. परवा गावी वीज गेली, लॅपटॉप फटकन बंद पडला. मी 'वझा' लिहून सेव्ह केलं होतं आणि वाक्य टाइप करत होते. वीज यायची वाट न बघता दुसऱ्या दिवशी वाचनालयात 'फेच' केलं. 'राखण-घर'मध्ये 'वझा' होता, वाक्य नव्हतं. तेवढंच गेलं. तिथेच लिहून टाकलं.

'शेतकऱ्याची अवजारं' एक झाली, ४९ शब्द, त्यांतले चार दोन्हीकडे होते म्हणून ४५. मजकुरातले पापणीवाले र भाच्याने एका आज्ञेत सारखे केले, दोनशे सात जागी. आईला दाखवलं, तिला कुठे काय बदललं ते दिसेना, मलाही दिसत नव्हतं.

आता संध्याकाळी कमिटचा निरोप लिहायला आई शेजारी बसते. मी विचारते, आज काय बदललं म्हणून लिहू? कालचा तिने सांगितलेला, तिच्याच बोलीत टाकला: 'मांगराचो अर्थ चुकलेलो, घर न्हय, शेतातली खोप.'

एकच अडचण उरलीय. वाचनालयातल्या मशीनवर बसल्या बसल्या 'पुल' करायला (वरचे बदल खाली आणायला) मी विसरते आणि मग पुश नाकारला जातो. टर्मिनल उघडलं की आपोआप 'पुल रीबेस' (वरचे बदल आणून त्यांच्यावर आपले चढवणं) व्हावं असं मोडीवाचकांच्या त्या पहिल्या ओळीबरोबर बसवता येईल का? सेव्ह न केलेलं काही उघडं असेल तर त्याचं काय होतं?